पॉवर सप्लाय नव्या ग्राफिक्स कार्डाला पुरेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरलं की पॉवर सप्लायबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येतात. पॉवर सप्लाय म्हणजेच पीएसयू किंवा एसएमपीएस. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही. घाई असेल तर १, ३ आणि ७ वाचा.

१. नवीन कार्ड घ्यायचं आहे. आहे तोच पीएसयू चालेल का, हे थोडक्यात कसं ठरवू?

तीन गोष्टी तपासा. पीएसयू १२ व्होल्टवर किती अँपिअर देतो (प्रश्न ३), कार्डाला हव्या तशा आणि तितक्या वायरी त्याला आहेत का (प्रश्न ७), आणि तो कोणत्या दर्जाचा व किती जुना आहे (प्रश्न १२ आणि १३). खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा सगळे आधी बघतात, पण निव्वळ त्या आकड्यावर काहीच ठरत नाही. ५०० वॅटचा एक पीएसयू मधल्या दर्जाचं कार्ड आरामात चालवतो आणि ५०० वॅटचाच दुसरा त्याच कार्डावर माना टाकतो.

२. माझा पीएसयू किती वॅटचा आहे हे विंडोजमध्ये किंवा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेल का?

नाही. प्रोसेसर, रॅम, कार्ड हे सगळे मदरबोर्डाला आपली ओळख सांगतात, साधा पीएसयू सांगत नाही. काही महागड्या मॉडेलना यूएसबीने जोडायची सोय असते, तेवढाच अपवाद. त्यामुळे कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडायचं आणि पीएसयूवरचं लेबल वाचायचं. लेबल आतल्या बाजूला दडलेलं असेल तर चार स्क्रू काढून पीएसयू थोडा सरकवावा लागतो. लेबलाचा फोटो काढून ठेवा. पीएसयूचा स्वतःचा डबा मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही धोकादायक व्होल्टेज राहू शकतं.

३. लेबलवर आकड्यांचा तक्ता आहे. त्यातलं नेमकं काय बघायचं?

१२ व्होल्टचा रकाना. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खाणारे जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर आजच्या कॉम्प्युटरमध्ये फारसा भार नसतो.

अँपिअरला १२ ने गुणलं की वॅट मिळतात. एका ५०० वॅटच्या पीएसयूवर १२ व्होल्टसमोर ४१ अँपिअर लिहिले असतील तर ते झाले ४९२ वॅट, म्हणजे जवळपास सगळी ताकद कामाच्या जागी आहे. दुसऱ्यावर ३२ अँपिअर असतील तर हिशेब ३८४ वॅटवर थांबतो. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टकडे दाखवलेले असतात आणि तुमच्या कार्डाला त्यांचा उपयोग शून्य. दुसऱ्या प्रकारचं लेबल दिसलं की मी तो जुन्या घडणीचा किंवा काटकसरीत बनवलेला पीएसयू समजतो आणि सहसा चुकत नाही.

इथे एक खाच आहे. काही लेबलांवर १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असतात, समजा प्रत्येकी १८ अँपिअर. त्यांची सरळ बेरीज करून ३६ अँपिअर म्हणजे ४३२ वॅट असं धरू नका. खाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा वेगळी छापलेली असते, समजा ३६० वॅट. तीच खरी. लेबलावर 'पीक' किंवा 'मॅक्स' असा शब्द जोडून वॅट लिहिले असतील तर तो आकडा क्षणभराचा असू शकतो. अशा वेळी १२ व्होल्टच्या अँपिअरवरच विसंबा, आणि तेही छापलेले नसतील तर त्या पीएसयूवर नवं कार्ड लावूच नका.

४. कार्डाला किती वॅट लागतात हे कुठे बघायचं?

कंपनीच्या माहितीपत्रकात. एनव्हिडिया त्याला टोटल ग्राफिक्स पॉवर म्हणते, एएमडी टोटल बोर्ड पॉवर. त्याच पानावर 'शिफारस केलेला पीएसयू' असा दुसरा, बराच मोठा आकडा असतो. दोन्हींत गल्लत होते म्हणून उदाहरण: आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॅट घेतं, शिफारस ५५० वॅटच्या पीएसयूची आहे. म्हणजे कार्ड ५५० वॅट खातं असं नाही. त्या आकड्यात अख्खा कॉम्प्युटर आणि भरपूर राखीव जागा धरलेली आहे.

अंदाज यावा म्हणून आणखी काही: आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, आरएक्स ७६०० ला १६५, आरटीएक्स ४०७० ला २००, आरएक्स ७८०० एक्सटीला २६३, आरटीएक्स ३०८० ला ३२०, आरटीएक्स ४०९० ला ४५० आणि आरटीएक्स ५०९० ला ५७५. हे मूळ आराखड्याचे आकडे आहेत. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन (वेग वाढवून) येणारी मॉडेलं याहून जास्त घेऊ शकतात, म्हणून ज्या कंपनीचं नेमकं जे मॉडेल घेणार त्याचंच पान बघा.

५. कार्डाच्या पानावर ६५० वॅट लिहिलंय आणि माझा पीएसयू ५५० चा आहे. आता बदलायलाच हवा?

बहुतेक वेळा नाही, पण बेरीज स्वतः करा. शिफारस लिहिणाऱ्या कंपनीला तुमचा प्रोसेसर कोणता आणि पीएसयू कसला हे माहीत नसतं, म्हणून ती वाईटातलं वाईट धरून आकडा देते.

आरटीएक्स ४०७० घेऊ, त्याची शिफारस ६५० वॅटची आहे. प्रोसेसर इंटेल आय५-१२४०० असेल तर त्याची टर्बोतली (गरजेपुरता वेग वाढवतो तेव्हाची) कमाल ११७ वॅट. कार्डाचे २००. मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी यांना मिळून ५० ते ७० धरा. एकूण ३९० च्या आत. १२ व्होल्टवर ५४० च्या आसपास देणारा चांगला ५५० वॅटचा पीएसयू इथे निवांत चालेल. तेच कार्ड आय९-१४९००के सोबत लावा. त्या प्रोसेसरची टर्बो मर्यादाच २५३ वॅट आहे, काही मदरबोर्ड तीही मोकळी सोडतात. बेरीज ५२० च्या पुढे जाते आणि मग कंपनीचे ६५० सुद्धा मला कमीच वाटतात.

बेरीज करताना प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. एएमडी रायझनवर ६५ वॅट टीडीपी (कंपनीने ठरवलेला उष्णतेचा आकडा) लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेतो. एएम४ या जुन्या सॉकेटवरचा १०५ वाला १४२ पर्यंत जातो, एएम५ या नव्या सॉकेटवरचा १२० वाला १६२ पर्यंत.

आलेली बेरीज पीएसयूच्या क्षमतेच्या ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत बसली तर मी पुढे जातो. ८५ टक्क्यांच्या वर गेली तर नवा पीएसयू घ्या. मधल्या पट्ट्यात असाल तर प्रश्न ११ आणि १७ वाचून ठरवा.

६. ज्या कार्डाला वेगळी वायर लावावी लागत नाही ते कुठल्याही पीएसयूवर चालतं, खरं ना?

जवळजवळ. अशी कार्डं सगळी वीज मदरबोर्डाच्या पीसीआयई खाचेतून (कार्ड बसतं त्या स्लॉटमधून) घेतात आणि त्या खाचेची मर्यादा ७५ वॅट आहे. आरएक्स ६४०० चे ५३ वॅट, आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीचे ७०. पण हे वॅटही शेवटी पीएसयूच पुरवतो. त्यामुळे जुन्या, छोट्या कॅबिनेटमधल्या पीएसयूवर आधीच किती भार आहे ते बघायलाच हवं. नावावरूनही निर्धास्त होऊ नका: ३०५० ची ८ जीबी आवृत्ती १३० वॅटची आहे आणि तिला वायर लागते. जीटीएक्स १६५० चीही काही मॉडेलं ६ पिनच्या जोडासह (कनेक्टरसह) येतात.

७. ६ पिन, ८ पिन, ६+२ पिन... कुठली वायर कशासाठी?

ग्राफिक्स कार्डाचा ६ पिनचा जोड ७५ वॅटसाठी, ८ पिनचा १५० वॅटसाठी. ६+२ म्हणजे तोच ८ पिनचा जोड, फक्त दोन पिना सुट्या होणाऱ्या, म्हणजे दोन्हीकडे लागतो. कार्डावर दोन ८ पिनचे जोड असतील तर खाचेचे ७५ धरून कागदोपत्री ३७५ वॅटची वाट तयार होते.

कार्डावर जितके जोड आहेत तितके सगळे भरायचे. एक रिकामा ठेवून 'चालतंय का बघू' करू नका, बहुतेक कार्डं सुरूच होत नाहीत किंवा पडद्यावर वायर लावायला सांगतात.

सगळ्यात धोकादायक गोंधळ प्रोसेसरच्या ८ पिनशी होतो. ती वायरही ८ पिनचीच, रंगही तोच. पण ती ४+४ अशी सुटी होते आणि तिच्यात १२ व्होल्ट व ग्राउंड यांच्या जागा ग्राफिक्सच्या वायरीच्या बरोबर उलट असतात. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते चुकून बसू नये म्हणूनच. जोर लावून बसवलीच तर सरळ शॉर्ट सर्किट. जोडावर 'सीपीयू' किंवा 'पीसीआयई' असं बहुधा कोरलेलं असतं, टॉर्च मारून वाचा.

जाता जाता: खाचेची ७५ वॅटची मर्यादा केवळ कागदावरची नाही. २०१६ मध्ये आरएक्स ४८० चं मूळ मॉडेल एका ६ पिनच्या जोडासह आलं आणि खाचेतून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतंय असं मोजणीत दिसलं. एएमडीला ड्रायव्हरचं अपडेट काढून तो भार आवरावा लागला.

८. पीएसयूच्या एकाच वायरला पुढे दोन ८ पिनचे जोड आहेत. दोन्ही एका कार्डाला लावले तर चालतील?

२२५ वॅटच्या आतल्या कार्डाला चालतील. त्याच्या वर मी दोन स्वतंत्र वायरी लावतो. ३०० वॅटच्या कार्डाचा भार एकाच वायरीतून नेला तर ती तापते, व्होल्टेज पडतं आणि पीएसयूच्या बाजूच्या एकाच जोडावर सगळा ताण येतो. पीएसयूला स्वतंत्र दोन वायरी असतील तर लहान कार्डालाही त्याच वापरा, त्यात नुकसान काहीच नाही.

९. माझ्या पीएसयूला ८ पिनची वायरच नाही. मोलेक्स किंवा सॅटावरून (डिस्कना वीज देणाऱ्या वायरींवरून) ८ पिन करणारा अडॅप्टर लावू का?

नको. सॅटाच्या पॉवर जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्यातून १५० वॅटचा जोड बनवणारा अडॅप्टर ही आग लागायची तयारी आहे. दोन सॅटा एकत्र केले तरी १०८. मोलेक्सची पिन जाड असते, पण १२ व्होल्टसाठी ती एकच. आणि मुळात ज्या पीएसयूला बनवणाऱ्याने ८ पिनची वायर दिली नाही, तो अशा कार्डासाठी बनवलेलाच नाही.

१०. १६ पिनचा नवा जोड वितळतो असं ऐकलं. तो असलेलं कार्ड घ्यावं का?

घ्या, पण बसवताना लक्ष द्या. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या जोडांचे फोटो फिरू लागले. एक ठळक कारण म्हणजे जोड पूर्ण आत न बसणं. आकडे पाहिले की असं का ते कळतं. जुन्या ८ पिनमध्ये १५० वॅट १२ व्होल्टच्या तीन पिनांतून जातात, म्हणजे प्रत्येकीतून चार अँपिअरहून थोडे जास्त. १६ पिनच्या जोडात ६०० वॅट सहा पिनांतून जातात, म्हणजे प्रत्येकीतून सव्वाआठच्या वर. आणि पिना आकाराने लहान. दोन-तीन पिनांचा संपर्क सैल झाला की उरलेल्यांवर भार सरकतो आणि त्या तापतात. ५७५ वॅटच्या ५०९० ला तर ६०० च्या मर्यादेपर्यंत जेमतेम २५ वॅटची जागा उरते.

१२व्हीएचपीडब्ल्यूआर ही या जोडाची पहिली आवृत्ती, १२व्ही-२×६ ही सुधारलेली. नवीनमध्ये संकेत देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे जोड अर्धवट बसला तर कार्डाला वीज घेण्याची परवानगीच मिळत नाही. दोन्ही एकमेकांत बसतात. जोडावर 'एच++' असं दिसलं तर ती नवी आवृत्ती, 'एच+' असेल तर जुनी.

बसवताना खटका ऐकू येईपर्यंत किंवा फट पूर्ण नाहीशी होईपर्यंत दाबा, आणि जोडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर वाकवू नका. कॅबिनेटची काच वायरीला दाबत असेल तर कॅबिनेट बदला. गंमत नाही, मनापासून सांगतोय.

पीएसयू जुना असेल तर कार्डासोबत आलेला अडॅप्टर चालतो, पण त्याच्या सगळ्या शेपट्यांना वेगवेगळ्या ८ पिनच्या वायरी द्या. ४०९० च्या चार शेपट्यांच्या अडॅप्टरला तीनच जोडल्या तर कार्ड ४५० वॅटवर थांबतं, चौथी लावली की ६०० पर्यंत वाट उघडते.

११. बेरीज बरोबर बसते, तरी गेम सुरू झाला की कॉम्प्युटर फटकन बंद पडतो. का?

माहितीपत्रकातले वॅट हे सरासरी असतात. कार्ड मिलिसेकंदापेक्षाही कमी काळासाठी त्याच्या बऱ्याच वर उडी मारतं. २०२० च्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० पासून हा त्रास ठळकपणे दिसू लागला: साधारण भार पुरेसा, पण उडीला पीएसयूचं संरक्षण जागं व्हायचं आणि सगळं बंद. उत्तर म्हणून २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं. १६ पिनच्या जोडासह येणाऱ्या, ४५० वॅटहून मोठ्या पीएसयूने १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसायला हवा, असं त्यात आहे. मोठं कार्ड आणि नवा पीएसयू दोन्ही घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घ्या.

दोष पीएसयूचाच आहे का, हे लक्षणांवरून बरंचसं कळतं. पंखे, दिवे सगळं एकदम विझलं आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय कॉम्प्युटर उठत नसेल तर संशय पीएसयूवर. फक्त पडदा काळा होऊन पंखे फिरत राहिले तर आधी ड्रायव्हर आणि १६ पिनचा जोड तपासा. विंडोजच्या नोंदीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणजे पीएसयू गेला, असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. ती नोंद एवढंच सांगते की कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नाही.

१२. ८० प्लस गोल्ड आहे म्हणजे चांगलाच असणार ना?

८० प्लस फक्त कार्यक्षमता मोजतं, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती उपयोगी पडते आणि किती उष्णता होऊन जाते. २०, ५० आणि १०० टक्के भारावर मोजणी होते, टायटॅनियमसाठी १० टक्क्यांवरही. संरक्षणं नीट चालतात का, उड्या झेपतात का, पाच वर्षांनी काय अवस्था होईल, यातलं काहीच त्यात येत नाही. चांगला ब्राँझ वाईट गोल्डपेक्षा बरा. स्वतंत्र प्रयोगशाळेत भार टाकून केलेली परीक्षणं मिळाली तर ती वाचा, नाहीतर वॉरंटीची वर्षं बघा. दहा वर्षं हमी देणाऱ्या कंपनीने आतले कपॅसिटर बरे घातलेले असतात.

१३. पीएसयू सात-आठ वर्षांचा आहे पण कधी तक्रार नाही. नव्या कार्डाला वापरू?

दर्जेदार असेल, वॉरंटीत असेल आणि बेरीज निम्म्याच्या आसपास असेल तर वापरा. वॉरंटी संपली असेल आणि कार्ड २०० वॅटच्या पुढचं असेल तर बदला. आजवर तक्रार नव्हती ती जुन्या, हलक्या भारावर. कपॅसिटर वयानुसार कमकुवत होतात आणि ते पहिल्यांदा जाणवतं भार वाढल्यावर.

मल्टिमीटर असेल तर प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम भार टाकून १२ व्होल्ट मोजा. ११.४० ते १२.६० च्या आत हवेत. मदरबोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा पुष्कळदा चुकीचा असतो, त्यावर निर्णय घेऊ नका. आणि २४ पिनच्या जोडात हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का बघायची चाचणी? तिने पीएसयू चालू होतो एवढंच कळतं. भार झेपेल का, ते नाही.

१४. जास्त वॅटचा पीएसयू घेतला तर वीज जास्त जाईल का? कार्ड जळेल का?

दोन्ही नाही. पीएसयू मागितली तेवढीच वीज देतो. कॉम्प्युटरला ३०० वॅट हवे असतील तर ६५० चा असो की १००० चा, देणार ३०० च. भिंतीतून मात्र थोडे जास्त घेतले जातात, ८८ टक्के कार्यक्षमतेला सुमारे ३४१.

१५. नामांकित कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे. त्यात नेहमीचा पीएसयू बसेल?

कदाचित नाही. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डाचा जोड २४ पिनचा नसून त्यांचा स्वतःचा असतो आणि पीएसयूचा आकारही वेगळा. विकत घेण्याआधी मदरबोर्डाच्या जोडाच्या पिना मोजा, पीएसयूची लांबी-रुंदी-उंची मोजा आणि स्क्रूच्या जागा बघा. पिना बदलून देणाऱ्या वायरी मिळतात, पण त्या नेमक्या मॉडेलच्याच हव्यात. छोट्या कॅबिनेटमध्ये पीएसयूचा नाद सोडून प्रश्न ६ मधलं कार्ड घेणं हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग.

१६. नवा मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) पीएसयू घेतला. जुन्याच्या वायरी आधीच छान ओवलेल्या आहेत, त्याच लावू का?

अजिबात नको. कार्डाच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असलं तरी पीएसयूच्या बाजूची रचना प्रत्येक कंपनी आपापली ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असते. वायर व्यवस्थित बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. हार्ड डिस्क, एसएसडी अशाने क्षणात जातात.

१७. पीएसयू थोडासाच कमी पडतोय. काही महिने तरी भागवता येईल?

येईल. कार्डाची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा, आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरने हे मिनिटभरात होतं. आजच्या बहुतेक कार्डांचा वेग त्याने थोडाच घटतो, कारण शेवटचे वॅट फार थोड्या फायद्यासाठी खर्च होतात. फ्रेमना मर्यादा घातली तर आणखी सोपं. पण लक्षात घ्या, ही मर्यादा सरासरीवर लागते, उड्या पूर्ण थांबत नाहीत. उड्यांवर अंडरव्होल्टिंग (कार्डाच्या चिपला कमी व्होल्टेज देणं) जास्त गुणकारी. आणि वायरीच कमी असतील तर यातलं काहीही कामाचं नाही.

१८. यूपीएसही बदलावा लागेल का?

यूपीएसवर ठळक लिहिलेला आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, वॅटचा नाही. ६०० व्हीएचे कित्येक यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतात. इथे तुलना भिंतीतून घेतल्या जाणाऱ्या विजेशी करायची (प्रश्न १४): कॉम्प्युटर ४५० वॅट वापरत असेल तर यूपीएसवर ५१० च्या आसपास भार येतो. शिवाय अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेले काही पीएसयू पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर जाताना बंद पडतात. वीज गेल्यावर, भाराखाली, एकदा मुद्दाम तपासून बघा.

१९. जुना पीएसयू कॉम्प्युटरला आणि दुसरा फक्त कार्डाला, असं करता येईल?

येतं, क्रिप्टो खणणारे करायचेही. पण कार्ड खाचेतून एका पीएसयूची आणि वायरीतून दुसऱ्याची वीज घेणार, दोन्ही एकाच वेळी सुरू-बंद व्हायला हवेत, दोघांचं ग्राउंड जोडलेलं हवं, आणि बिघाड झाला तर दोष कुणाचा हे शोधत बसा. त्या दुसऱ्या पीएसयूच्या पैशांत थोडी भर घालून एकच धड पीएसयू घ्या.